ट्रॉली जोडलेली पिकअप आणि ओव्हरड्राइव्ह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात जनरेटर भाड्यानं देण्याचा आमचा धंदा आहे. लग्नाचा मांडव, कुस्तीचं मैदान, जोतिबाची चैत्र यात्रा, कोकणातलं एखादं बांधकाम, सगळीकडं जनरेटर दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवून पिकअपच्या मागं ओढत न्यायचा. आमच्याकडं नव्यानं आलेली पोरं, उद्यमनगरातून कास्टिंग वाहणारे मित्र, शेतावर छोटी ट्रॉली वापरणारे पाहुणे गिअरबद्दल तेच तेच विचारतात. एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय, कारण चुकीच्या गिअरमुळं चढाला गिअरबॉक्स जातो आणि उताराला ब्रेक जातात.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे नेमकं काय? माझ्या गाडीला तसं बटणच नाही.

बटण नसलं तरी तुमच्या गाडीत तो बहुधा असणारच. इंजिन एक फेरा घेतं तेवढ्यात गिअरबॉक्समधून बाहेर येणारा शाफ्ट एकापेक्षा जास्त फिरतो, असा जो गिअर तो ओव्हरड्राइव्ह. पाच गिअरच्या बहुतेक पिकअपमध्ये चौथा ‘डायरेक्ट’ असतो, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट सारखेच फिरतात. पाचव्याचा रेशो ०.८ च्या आसपास असतो. इंजिनचे ८०० फेरे झाले की शाफ्टचे १,००० होतात. वेग मिळतो, इंजिन शांत राहतं, डिझेल वाचतं. पण जेवढा वेग वाढला तेवढा चाकापर्यंत पोहोचणारा जोर कमी झाला. फुकट काही मिळालेलं नाही.

जुन्या चार गिअरच्या जीपना टॉप म्हणजेच डायरेक्ट होता. त्या चालवलेल्या माणसांना हा प्रश्न कधी पडलाच नाही, म्हणून ‘टॉपलाच ओढायची’ ही सवय त्यांच्याकडून आपल्याकडं आली. त्यांच्या गाडीला ती बरोबरच होती. आपला टॉप वेगळा आहे.

माझ्या गाडीत कुठला गिअर ओव्हरड्राइव्ह आहे ते कसं ओळखायचं?

गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात गिअर रेशोचा तक्ता असतो. ज्या गिअरपुढं १ पेक्षा लहान आकडा आहे तो ओव्हरड्राइव्ह. सहा गिअरच्या काही गाड्यांत पाचवा आणि सहावा असे दोन्ही असतात, त्यामुळं ‘मी सहावा टाकत नाही, म्हणजे झालं’ असं गृहीत धरू नका.

मग ट्रॉली लावली की पाचवा टाकायचाच नाही का?

असं नाही. सपाट रस्ता, समोरून वारा नाही, गाडी पाचव्यात अर्ध्याहून कमी ॲक्सिलरेटरवर वेग धरून ठेवतेय, तर पाचवा खुशाल वापरा. हायवेला किणी टोलपासून पुढं लांबच लांब सरळ पट्टे आहेत. हलकी ट्रॉली असेल तर तिथं चौथ्यात इंजिन उगाच कशाला फिरवायचं?

मी बघतो ती खूण एकच. पाय तेवढाच ठेवलाय आणि वेग उतरतोय, किंवा तोच वेग धरायला पाय खाली खाली दाबावा लागतोय, की चौथा टाकायचा. गाडी धडधडायला लागेपर्यंत थांबायचं नाही. दर दोन मिनिटाला पाचवा-चौथा, चौथा-पाचवा करावं लागत असेल तर तो रस्ता चौथ्याचा आहे असं समजायचं आणि चौथ्यातच राहायचं. कोल्हापूर–गगनबावडा रस्त्याला कळे गावाच्या पुढं आम्ही भरलेल्या ट्रॉलीला पाचवा जवळजवळ टाकतच नाही. रस्ता अरुंद, वळणं, गावं, मधूनच चढ. तिथं पाचव्यानं वाचणारा वेळ मोजण्याइतकाही नसतो.

कंपनीनं पुस्तकात ‘टोइंग (म्हणजे ट्रॉली ओढणं) करताना अमुक गिअर वापरू नका’ असं स्पष्ट लिहिलं असेल, तर माझं राहू द्या, कंपनीचं ऐका.

चौथ्यात इंजिन ओरडतं. जास्त आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे जास्त फेरे) इंजिन लवकर खराब होत नाही का?

हा गैरसमज सगळ्यात खोल गेलाय, म्हणून जरा आकडेमोड करूनच सांगतो.

पिकअप आणि ट्रॉली मिळून ३,५०० किलो वजन धरा. दर २० मीटरला १ मीटर उंची चढणारा रस्ता आहे आणि ताशी ५० किलोमीटरनं चढायचंय. वजन वर उचलणं, टायरचा विरोध, वाऱ्याचा विरोध एकत्र केला तर चाकापाशी साधारण ४३ हॉर्सपॉवर लागते. गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलमध्ये थोडी वाया जाते, म्हणजे इंजिनानं ४७-४८ तरी द्यायला हवी.

आता इंजिन २०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतंय असं समजू. ताशी ५० ला पाचव्यात इंजिन साधारण १,३०० आरपीएमवर असेल, चौथ्यात १,६०० वर, तिसऱ्यात २,३०० वर. हॉर्सपॉवर ठरते ती टॉर्क आणि फेरे यांच्या गुणाकारावर. त्यामुळं पाचव्यात मिळतात ३७, चौथ्यात ४५, तिसऱ्यात ६५. पाचव्यात कितीही दाबा, ४८ येणारच नाहीत. चौथ्यात थोडक्यात हुकतात, वेग हळूहळू पडत जातो. तिसऱ्यात गाडी आरामात चढते आणि पायाखाली अजून दम शिल्लक राहतो. हे गणितही इंजिनाला झुकतं माप देऊन मांडलंय. १,३०० ला बऱ्याच डिझेल इंजिनांचा टर्बो नीट जागासुद्धा झालेला नसतो, तिथं २०० टॉर्क मिळतच नाही.

फेऱ्यांबरोबर आणखी काय वाढतं तेही बघा. वॉटर पंप जोरात फिरतो, बेल्टवरचा पंखा जोरात फिरतो, ऑइलचा दाब वाढतो. म्हणजे इंजिन जेव्हा कष्ट करतंय तेव्हाच त्याला थंडावा आणि वंगण जास्त मिळतं. कमी आरपीएमला पूर्ण दाबून ओढलं की उलटं होतं. सिलिंडरमधला दाब कमाल, एक्झॉस्ट तापलेला, पण पाणी आणि ऑइल संथ. डिझेल इंजिन आरपीएमच्या काट्यावरच्या तांबड्या रेषेच्या बरंच खाली, २,००० ते २,६०० मध्ये गुणगुणत असेल तर ते सुखात आहे. ओरडणं वेगळं आणि काम करतानाचा आवाज वेगळा. चार-सहा खेपांत कान तयार होतो.

इंजिनाला लोड येतोय हे कसं ओळखायचं? आमच्या गाडीत आरपीएमचा काटा नाही.

आवाज जड होतो, ‘घुर्रर्र’ असा. गिअरच्या दांड्यातून, सीटखालून धडधड जाणवते. पाय दाबला तरी गाडी पुढं सरकत नाही, नुसता आवाज जाड होतो. आरशात काळा धूर दिसतो. पेट्रोल गाडीत खडे हलवल्यासारखा टकटक आवाज येऊ शकतो, तो आला तर त्याच क्षणी गिअर खाली घ्या. आपल्याकडं याला ‘गाडी दम खाते’ म्हणतात, आणि ते अगदी खरं वर्णन आहे.

पाचव्यात ओढत राहिलं तर नक्की बिघडतं काय?

हे मी पैसे मोजून शिकलोय.

धंद्याच्या सुरुवातीला डिझेल वाचतंय या समजुतीनं भरलेली ट्रॉली मी दोन हंगाम पाचव्यात ओढली. पुढं फक्त पाचव्यात ‘ऊंऽऽ’ असा आवाज सुरू झाला. चौथ्यात टाकली की आवाज गायब. उद्यमनगरात मेस्त्रींनी गिअरबॉक्स उघडला तेव्हा पाचव्या गिअरच्या दातांवर खड्डे पडले होते आणि मागची बेअरिंग खाऊन गेली होती. बाकीचे गिअर नव्यासारखे.

कारण त्यांनी तिथंच टेबलावर दाखवलं. डायरेक्ट गिअरमध्ये इंजिनाकडून येणारा शाफ्ट बाहेर जाणाऱ्या शाफ्टशी थेट जोडला जातो. भार दातांवरून जातच नाही. पाचव्यात मात्र तो खालच्या काउंटरशाफ्टवर, म्हणजे शेजारच्या दुसऱ्या शाफ्टवर, उतरतो आणि दातांवरून परत वर येतो. शिवाय बऱ्याच गिअरबॉक्समध्ये पाचवा गिअर अगदी मागच्या टोकाला बसवलेला असतो आणि दात अरुंद असतात, कारण तो हलक्या भारासाठीच बनवलेला असतो. मी विचारलं, भार काउंटरशाफ्टवर तर तिसऱ्यातही येतो, मग तिसरा का नाही गेला? ते म्हणाले, ‘तिसरा रुंद आहे, आणि तुम्ही तिसऱ्यात दहा मिनिटं असता. पाचव्यात दोन-दोन तास होता.’

गिअरबॉक्सशिवाय क्लच प्लेटच्या स्प्रिंगा आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस यांनाही त्या धडधडीचा मार बसतो. गाडी त्या दिवशी घरी येते, म्हणून ड्रायव्हरला वाटतं काही झालं नाही. हिशेब नंतर येतो.

ऑटोमॅटिक पिकअप आहे. ती आपली आपण गिअर बदलते, मग मी काय करायचं?

रिकाम्या गाडीला ते खरं आहे. ट्रॉली लावल्यावर तिला मदत लागते.

ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्यात तेलामार्फत जोर पुढं जातो. सपाटीला वेग स्थिर झाला की आतला लॉक-अप क्लच पक्का बसतो आणि तेलातली घसरण थांबते. चढ आला की लॉक सुटतो, गिअर खाली येतो. वेग मिळाला की परत वर. परत चढ, परत खाली. या शोधाशोधीत घसरण वाढते आणि सगळी उष्णता गिअरबॉक्सच्या तेलात जाते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मरतो तो बहुतेक वेळा तापूनच.

म्हणून लांब चढाला लिव्हर बाजूला घेऊन प्लस-मायनसनं चौथा किंवा तिसरा धरून ठेवा. गाडीला टोइंग मोड असेल तर ट्रॉली जोडल्याबरोबर चालू करा. तो वरचा गिअर उशिरा टाकतो आणि उतारावर ब्रेक लावला की स्वतःहून खालचा घेतो. जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकला ओव्हरड्राइव्ह बंद करायचं बटण लिव्हरवरच असतं, ते दाबा म्हणजे गाडी तिसऱ्याच्या वर जाणार नाही. तेल काळं पडलं असेल, जळका वास येत असेल तर पुढची खेप करू नका, आधी तेल दाखवा. नियमित टोइंग असेल तर पुस्तकातल्या मुदतीपेक्षा लवकर बदला आणि वेगळा ऑइल कूलर बसवता येतो का ते विचारा.

डॅशबोर्डवर ‘ओ/डी ऑफ’ दिवा लागलाय. बिघाड आहे का?

स्थिर पेटलेला असेल तर नाही. ओव्हरड्राइव्ह बंद केल्याची ती नोंद आहे, चढाला तुम्हाला तेच हवंय. सपाट हायवे आला की बटण परत दाबा आणि दिवा घालवा, नाहीतर पुण्यापर्यंत तिसऱ्यातच जाल. दिवा लुकलुकत असेल तर मात्र बऱ्याच गाड्यांत ती गिअरबॉक्समधल्या दोषाची खूण असते.

पाचवा टाकला नाही तर डिझेल किती जास्त जाईल?

सपाटीला हलकी ट्रॉली असताना पाचव्यात नक्कीच कमी जातं. चढाला भरल्या ट्रॉलीला फरक नगण्य असतो, कारण वजन वर न्यायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी लागतेच. डिझेल वाचवायचंच असेल तर वेग कमी करा. ताशी ८० ऐवजी ६० नं गेलं तर हवेचा विरोध जवळजवळ निम्म्यावर येतो. टायरची हवाही बघा, ट्रॉलीच्या टायरची सुद्धा. ती कुणीच बघत नाही.

गगनबावड्याहून करूळ घाट उतरायचाय. कुठला गिअर?

या प्रश्नाचं उत्तर नीट वाचा. बाकीचं चुकलं तर पैसे जातात, इथं माणसं जातात.

ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. तिचं सगळं वजन पिकअपच्या ब्रेकवर. ३,५०० किलोची जोडगाडी ५०० मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते, तिच्यात ५० लिटरहून जास्त थंड पाण्याला उकळी येईल. ती सगळी तुमच्या डिस्क आणि ड्रममध्ये ओतली तर काय होईल ते सांगायला नको. लायनर तापून पकड सोडतात, ब्रेक ऑइल उकळतं, पेडल मऊ होऊन खाली जातं.

पाचव्यात इंजिनचा ब्रेक जवळजवळ नसतो. म्हणून घाटाच्या तोंडाशी, उतार सुरू व्हायच्या आधीच, गाडी हळू करून तिसरा किंवा दुसरा टाका. ज्या गिअरमध्ये हा घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरायचा, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण पक्की आहे. भरल्या ट्रॉलीला मी त्याहून एक खालचाच धरतो. अर्ध्या उतारावर वेग वाढल्यावर गिअर खाली घ्यायला जाऊ नका. क्लच दाबला की गाडी मोकळी सुटते, आणि खालचा गिअर बसला नाही तर तुम्ही न्यूट्रलमध्ये अडकता.

ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नका. वेग वाढला की एकदा ठाम दाबा, वेग बराच खाली आणा, पूर्ण सोडा. तेवढ्या वेळात हवा लागते. आरपीएम तांबड्या रेषेकडं जाऊ देऊ नका. उतारावर चाकं इंजिनाला फिरवत असतात, तेव्हा फेरे अडवणारा इंजिनातला लिमिटर काही थांबवू शकत नाही.

जळका वास आला की जागा बघून थांबा. चाकांना दगड लावा, बोनेटपाशी उभं राहून अर्धा तास घालवा. तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नका, तडा जाईल. निघताना लावलेले दगड उचलून कडेला टाका, मागून अंधारात दुचाकीवाला येत असतो.

आंबा घाट, फोंडा घाट, आंबोली, निपाणीच्या पुढचा तवंदी घाट, सगळीकडं हेच. पावसाळ्यात गगनबावड्याला धुकं इतकं उतरतं की बोनेटच्या पुढचं दिसत नाही. दरडीमुळं घाट बंदही असतो. निघण्याआधी फोन करून चौकशी करा.

उताराला न्यूट्रल करून डिझेल वाचवलं तर?

नाही. कधीच नाही. आताच्या डिझेल गाड्यांत गिअरमध्ये असताना पाय सोडला की इंजिनाला डिझेल जाणंच थांबतं. न्यूट्रलला उलट आयडलिंगपुरतं जात राहतं.

घाट चढताना टेंपरेचरचा काटा वर गेला तर?

एसी बंद करा, गिअर एक खाली घ्या, वेग कमी करा. हीटर पूर्ण लावा, इंजिनाची थोडी उष्णता आत ओढली जाते. उकाड्यात त्रास होतो पण उपयोग होतो. तरी काटा उतरला नाही तर सुरक्षित जागी थांबा आणि इंजिन लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटं आयडलिंगला ठेवा. काटा अगदी तांबड्यात असेल किंवा पाणी गळत असेल तर मात्र लगेच बंद. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आमच्या एका पोराच्या हातावर अजून डाग आहे.

अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची असा वाहतुकीचा नियम आहे. उतरताना तुम्ही थांबा, चढणाऱ्याला जाऊ द्या. भरल्या ट्रॉलीनं चढावर थांबून परत निघणं क्लचला किती महाग पडतं ते आपल्याला माहीत आहे.

ऊसाच्या हंगामात ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना गाडी उचलत नाही, काय करू?

पाचव्यात ओव्हरटेक सुरूच करू नका. मागं असतानाच चौथा, गरज असेल तर तिसरा टाका, इंजिन जोरात आलं की मग बाहेर काढा. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात आणि तुमच्या मागंही एक आहे, म्हणजे पार व्हायला लागणारं अंतर तुमच्या अंदाजाच्या दुप्पट धरा. रात्री ऊसाच्या ट्रॉलीला मागं दिवे नसतील असंच समजून चालवा.

क्रूझ कंट्रोल?

ट्रॉली असताना बंद. वेग आपोआप धरून ठेवणाऱ्या त्या यंत्रणेला पुढचा चढ दिसत नाही, तुम्हाला दिसतो.

ट्रॉली डावी-उजवी डोलायला लागली तर?

ॲक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग सरळ घट्ट धरा, ब्रेक जोरात मारू नका. वेग उतरला की डोलणं थांबतं. डोलतेय म्हणजे बहुतेक वेळा वजन मागं गेलंय. ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या साधारण १० टक्के हुकावर यायला हवं. १,६०० किलोची ट्रॉली असेल तर हुकावर १६० किलो. वजनकाट्यावर ट्रॉली सोडवून फक्त पुढचं टोक काट्यावर टेकवलं की आकडा मिळतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीकडं जाणं झालं की एकदा करून बघा. आमचा जनरेटर आम्ही यानंतर ट्रॉलीवर एक वीत पुढं सरकवून बसवला आणि डोलणं बंद झालं.

ट्रॉलीचे वेगळे कागद लागतात का?

हो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे वाहनच धरलंय. नोंदणी, नंबर, विमा करून घ्या. टेललाईट, इंडिकेटर आणि रिफ्लेक्टर टेप याला पर्याय नाही. गाडीच्या पुस्तकात टोइंगचं वजन दिलेलं नसेल तर ओढायला लावण्याआधी कंपनीकडून लेखी विचारा.

फोर बाय फोर आहे. घाटात लो रेंज (कमी वेगाचे, जास्त जोराचे गिअर) लावू का?

कोरड्या डांबरावर नको. पुढची-मागची चाकं वळणात वेगवेगळी फिरू बघतात आणि पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो. चिखलात, खडीत, शेताच्या चढावर ट्रॉली हलवायची असेल तेव्हा लो रेंजसारखं दुसरं काही नाही. अर्धा क्लच धरावा लागत नाही.

नव्या ड्रायव्हरला हे शिकवायचं कसं?

आम्ही पहाटे सहाला, रहदारी नसताना, भरलेली ट्रॉली लावून वाघबीळच्या चढाला नेतो. रेडिओ बंद, काचा खाली. पहिल्यांदा पाचव्यात थोडा चढ चढायला लावतो, त्याला ती धडधड पायात जाणवू देतो. मग चौथा, मग तिसरा. वर पोहोचल्यावर वळून तिसऱ्यात, पाय ब्रेकपासून बाजूला ठेवून खाली उतरायला सांगतो. खाली आल्यावर चारी चाकांजवळ हात नेऊन बघायचं, न टेकवता. मग परत वर जायचं आणि या वेळी मी काही बोलत नाही.